लाट किती फुटांची?

शिरूर आणि दौंड हे शेजारी तालुके, आणि समुद्र दोघांच्याही वाट्याला आलेला नाही. आमच्याकडे पाणी चढतं ते भीमेला पूर आला की, आणि तेही उंच होत नाही, आडवं पसरतं. अशा मुलखातल्या माणसाने पोर्तुगालच्या ऐंशी-ऐंशी फुटी लाटांवर पुस्तक लिहावं आणि त्याला मी प्रस्तावना लिहावी, हे कळल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, "तुम्हाला पोहता तरी येतं का?" येतं. विहिरीत.

लेखक दौंडचे. सारी नोकरी रेल्वेत गेली, तीही जंक्शनवर. गाडी कधी आली, कधी सुटली, किती मिनिटं थांबली, हे रजिस्टरात लिहिण्यात हयात गेलेला माणूस. निवृत्तीनंतर भाच्याने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली: डोंगराएवढं पाणी आणि त्याच्या उतारावर मुंगीएवढा माणूस. खाली लिहिलं होतं, शंभर फुटी लाट. कुणीही म्हणालं असतं, बाप रे! हे गृहस्थ म्हणाले, "शंभर कुणी मोजली? कुठून कुठपर्यंत?" या दोन प्रश्नांचं पुढे चार वर्षांत पुस्तक झालं. लाटांवर स्वार होणाऱ्यांच्या शौर्याची पुस्तकं इंग्रजीत ढिगाने असतील. त्यांच्या विक्रमांवर जी भांडणं झाली, त्यांचं पुस्तक मराठीत माझ्या तरी पाहण्यात नाही.

आम्ही भेटायचो चौफुल्याला. शिरूर तालुक्याच्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे न्हावऱ्यावरून एसटीने मी यायचो आणि दौंडकडून ते. चहाच्या टेबलावर ते लाटेचा फोटो ठेवायचे, खिशातून शाळकरी फूटपट्टी काढायचे आणि मला मोजायला लावायचे. तिसऱ्या भेटीत मी त्यांना म्हणालो, हे सगळं मला ओळखीचं वाटतंय, कारण मी घाटात घड्याळ धरलेलं आहे. त्यावर ते म्हणाले, मग प्रस्तावना तुम्हीच लिहा.

घाट म्हणजे काय, हे खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूरच्या वाचकाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडच्या बैलगाडा शर्यतीत गाडे शेजारी-शेजारी पळत नाहीत. चढाची एक धाव असते, तिला घाट म्हणायचं. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याच्या त्या धावेला बारी म्हणायचं. पुढे घोडी, मागे बैल, वर समालोचकाचा भिर्रर्र, आणि बारा-तेरा सेकंदांत सगळं आटोपतं. शर्यत दुसऱ्या गाड्याशी नसते, घड्याळाशी असते. ठरलेल्या सेकंदांच्या आत जे येतील ते सगळे पहिल्या नंबरात, त्याच्या वर जातील ते दुसऱ्यात. दिवसभरात सर्वांत कमी वेळ ज्याचा, तो घाटाचा राजा. म्हणजे ज्याने राजाला पाहिलं नाही तोही राजाला हरवू शकतो. सकाळी एकाची बारी होते, उन्हं उतरल्यावर दुसऱ्याची, आणि मध्ये वारा फिरलेला असतो, धावेवरची माती उकरली गेलेली असते. दोघांची तुलना करणारं एकच काय ते, घड्याळ. आणि घड्याळ माणसाच्या हातात.

मी कॉलेजात असतानाची चैत्रातली यात्रा. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून जायचं-यायचं असतं. घड्याळं दोन, चावीची, सेकंदाचे पाच भाग दाखवणारी. एक गुरुजींकडे, दुसरं माझ्या हातात. खाली निशाण पडलं की दाबायचं, वर रेघ ओलांडली की पुन्हा दाबायचं. पहिला नंबर बारा सेकंदांपर्यंत होता. दुपारी एक बारी अशी आली की टेकडीवर बसलेलं पब्लिक एका दमात उभं राहिलं. गाडा रेघेवर आला त्याच क्षणी घोडीचा पाय घसरल्यासारखा वाटला, माझी नजर तिकडे गेली आणि अंगठा खाली आला तो जरा मागाहून. गुरुजींचं घड्याळ म्हणत होतं बारा. माझं म्हणत होतं बारा आणि दोन भाग, म्हणजे बारा पूर्णांक चार दशांश. एका घड्याळाने गुलाल, दुसऱ्याने दुसरा नंबर. पंच विचारात पडले, तोवर गाडामालकाच्या माणसांनी गुलाल उधळलासुद्धा होता. उधळलेला गुलाल परत पोत्यात भरता येत नाही. पंचांनी बारा धरले.

माझी नजर घोडीकडे गेली होती, हे मी तेव्हा बोललो नाही. गावात दोन तट पडले, बारावाले आणि बारा-चारवाले. मी मात्र बारा-चारवाल्यांचा साक्षीदार म्हणून मिरवत राहिलो. वीसेक वर्षांनी त्या मालकाच्या ओट्यावर बसलो असताना ते नातवाला सांगत होते, "आपल्या बैलांनी अकरा-सहा काढले होते." मी काही बोललो नाही. माझ्या चुकीचे चार दशांश आणि त्यांच्या मायेचे चार दशांश. फिट्टंफाट.

हाताने धरलेल्या घड्याळाचा हा दोष जगाला जुना माहीत आहे. धावण्याच्या शर्यतीत शंभर-दोनशे मीटरची हातघड्याळाची वेळ यंत्राच्या वेळेशी ताडायची, तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे, कारण सुटण्याची खूण डोळ्यांनी पाहून बोट हलेपर्यंत तेवढा वेळ हातचा निसटतो. ताशी छत्तीस किलोमीटरने पळणारा बैल तेवढ्यात जवळजवळ अडीच मीटर पुढे जातो, म्हणजे अख्खा बैल. आता घाटात यंत्रं आली आहेत, आकडा पाटीवर लखलखतो, दशांश जाऊन शतांश आले. भांडणं संपली, असं मात्र कुणी म्हणू नये. पूर्वी अंगठ्यावर भांडायचे, आता यंत्राच्या किरणाला आधी घोडी लागली की बैल, यावर भांडतात.

मधल्या काळात घाटच बंद होते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, त्यालाही उच्च न्यायालयात खीळ बसली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. बंदी घालायला लावणाऱ्यांची बाजू खोटी नव्हती. चाबूक, खिळे, शेपट्या पिरगाळणं हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि ते थांबलं असेल तर बंदीचे उपकारच मानले पाहिजेत. पण त्या साडेसात वर्षांत मला एक गंमत दिसली. घाटात एक गाडा पळत नव्हता, तरी पारावर विक्रम सुधारत होते. २०१३ मध्ये साडेबारा सेकंदांत आलेला बैल २०१९ पर्यंत साडेअकरावर आला होता, आणि त्यातली शेवटची दोन वर्षं तर तो बैल हयातही नव्हता. मोजणी थांबली की दावे वाढतात, हे मी तिथे शिकलो. या पुस्तकात नाझारेचं प्रकरण वाचताना मला तो पार आठवला.

नाझारे हे पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचं मासेमारीचं गाव. त्याच्यासमोर समुद्राच्या तळाला एक प्रचंड घळ आहे, समुद्रात दोनशेहून अधिक किलोमीटर आत गेलेली, सगळ्यात खोल जागी सुमारे पाच किलोमीटर, आणि तिचं तोंड थेट किनाऱ्याला भिडलेलं. लेखकाने ती समजवायला टाकळी हाजी आणि निघोजच्या मधला कुकडीचा कुंड वापरला आहे, आणि मला ते फार आवडलं. दोन्ही बाजूंना सपाट काळा कातळ, मध्ये अरुंद खोल चीर. तसंच तिथे, फक्त पाण्याखाली. लाट खोल पाण्यात वेगाने धावते आणि उथळावर रेंगाळते. त्यामुळे एकाच लाटेचे दोन तुकडे होतात. घळीतून येणारा तुकडा झपाट्याने पुढे सरकतो, वळतो आणि उथळावरून येणाऱ्या दुसऱ्या तुकड्याला किनाऱ्याजवळ कोनात गाठतो. दोघं एकमेकांवर चढतात. रांजणगाव सांडसजवळ पुरात मुळा-मुठेचं पाणी भीमेला भिडताना ज्याने पाहिलं असेल, त्याला दोन पाणी भेटले की पृष्ठभाग कसा उचलला जातो याची अंधुक कल्पना येईल. अंधुकच. आमची उचल गुडघाभर, तिथली सातमजली.

तिथे स्वार हाताने पाणी मारत लाट पकडत नाही. लाटेचा वेगच एवढा की जेट स्कीने दोरीला धरून त्याला ओढत नेतात आणि लाट उठू लागली की सोडून देतात. त्याच्या पायाखाली असते फळी. लेखकाने सर्वत्र फळी हाच शब्द वापरला आहे. आमच्या घाटात पहिल्या नंबराची फळी फोडणं हा मान असतो. नाझारेत फळी फुटली तर जेट स्कीवाला सोबती तुम्हाला शोधायला धावतो. २०१३ मध्ये माया गाबेइरा ही ब्राझीलची स्वार अशीच पडली आणि बेशुद्ध अवस्थेत पाण्याबाहेर काढली गेली. कार्लुस बुर्ले या तिच्या सोबत्याने तिला वाचवलं.

आता मापाकडे येतो, कारण पुस्तकाचा जीव तिथे आहे. गॅरेट मॅकनमारा या अमेरिकन स्वाराने १ नोव्हेंबर २०११ रोजी नाझारेला एक लाट धरली. आधी बोललं गेलं नव्वद फूट, मान्य झाले ७८. जानेवारी २०१३ मध्ये त्याचाच एक फोटो जगभर फिरला आणि शंभर फुटांची बोली लागली. त्या लाटेची नोंद कधीच झाली नाही. रॉद्रिगो कॉशा याची ८ नोव्हेंबर २०१७ ची लाट ८० फूट धरली गेली. सेबास्टियन श्टॉयटनर या जर्मन स्वाराने २९ ऑक्टोबर २०२० रोजी धरलेली ८६ फुटांची लाट मान्य व्हायला मे २०२२ उजाडलं. दीड वर्ष! घाटाचा राजा संध्याकाळी ठरला नाही तर आमच्याकडे मांडव पेटेल.

दीड वर्ष का लागतं? कारण लाट ही बारीसारखीच आहे, आली आणि गेली. पुन्हा मोजायला ती तिथे नसते. मागे उरतो फोटो आणि चित्रफीत, आणि फोटोत फूटपट्टी नसते. मग फूटपट्टी कुठून आणायची? स्वाराच्या पायातून. त्याची गुडघ्यापासून घोट्यापर्यंतची नळी किती लांब आहे हे मोजून घेतात, ती फोटोत किती भरते ते पाहतात, आणि त्या हिशेबाने लाट मोजतात. पण स्वार वाकलेला असतो. कॅमेरा नाझारेच्या किल्ल्यावरच्या दीपगृहाजवळ, उंचावर आणि तिरका. दूरचं भिंग अंतर चेपून दाखवतं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे लाटेचा पाया. माथा दिसतो, पायथा कुठे? फेस तिथेच उसळत असतो, आणि लाट फुटण्याआधी समोरचं पाणी स्वतःकडे ओढून घेते, त्यामुळे पायथा समुद्राच्या पातळीच्याही खाली जातो. पायथ्याची रेघ बोटभर वर-खाली ओढली की दहा फुटांचा फरक पडतो. त्यात हवाईच्या जुन्या स्वारांची रीत आणखी वेगळी. ते लाट मागच्या बाजूने मापायचे, त्यामुळे जगाची वीस फुटी लाट त्यांच्या तोंडी दहाची होते. आमच्याकडे गावोगाव पायलीचं माप वेगळं असायचं, तसंच.

हे पुस्तक वाचताना मी सर्वांत जास्त वेळ थांबलो ते गाबेइराच्या प्रकरणावर. बुडता-बुडता वाचल्यावर, पाठीच्या शस्त्रक्रिया सोसून, ती त्याच पाण्यात परत गेली आणि १८ जानेवारी २०१८ रोजी ६८ फुटांची लाट धरली. पण स्त्रियांसाठी त्या विक्रमाचं खातंच तोवर गिनीज बुकात नव्हतं. तिने त्यासाठी जाहीर अर्ज फिरवला, लोकांच्या सह्या मिळवल्या, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये नोंद पदरात पाडून घेतली. पुढे ११ फेब्रुवारी २०२० ला तिची दुसरी लाट ७३.५ फूट ठरली. त्याच दिवशी, त्याच पाण्यात फ्रान्सची जस्टिन ड्युपाँही होती. तिचीही लाट तशीच थोराड, आणि शास्त्रज्ञांनी मोजल्यावर दोघींत जेमतेम तीनेक फुटांचं अंतर निघालं. ड्युपाँने मापनाच्या पद्धतीवर उघडपणे हरकत घेतली. लेखकाने इथे कुणाचा कैवार घेतलेला नाही. त्यांनी दोन्ही बाजू रजिस्टरात वेळ लिहावी तशा लिहून ठेवल्या आहेत. मला विचाराल तर हरकत घेणं ही खिलाडूवृत्तीची कमतरता, असं जे तेव्हा काहींनी म्हटलं, ते मला पटत नाही. माप कसं घेतलं हे विचारण्याचा पहिला हक्क दुसऱ्या नंबरावर आलेल्याचाच असतो.

एके ठिकाणी मात्र लेखकाशी माझा वाद आहे. एका प्रकरणात त्यांनी फुगवलेले दावे आणि बनावट दावे एकाच दोरीत ओवले आहेत. लाटेवर स्वार झालेला माणूस जीव पणाला लावून आलेला असतो. तो म्हणाला नव्वद आणि निघाले ७८, तर ती चूक डोळ्यांची असेल, आनंदाची असेल, प्रायोजकाची असेल. पण लाट होती आणि माणूस तिच्यावर होता. याउलट आपल्या पुण्याचंच उदाहरण घ्या. २०१६ च्या मे महिन्यात पुणे पोलिस दलातल्या एका दांपत्याने एव्हरेस्ट सर केल्याचा दावा केला, सत्कार झाले. पण पुरावा म्हणून दिलेले फोटो दुसऱ्याच गिर्यारोहकाचे होते, त्यात फेरफार केलेला होता, असं नेपाळच्या पर्यटन विभागाच्या चौकशीत निघालं. ऑगस्टमध्ये दोघांवर तिथल्या गिर्यारोहणाची दहा वर्षांची बंदी आली. तिथे मापाचा प्रश्नच नव्हता. पहिल्या प्रकाराला माप हवं, दुसऱ्याला पंचनामा. हे मी लेखकांना चौफुल्यावर सांगितलं. ते म्हणाले, "रजिस्टरात दोन्ही खाडाखोडीच दिसतात." वाद तिथेच राहिला आहे, वाचकांनी आपलं मत करावं.

तिसराही एक प्रकार आहे, आणि तो मला सर्वांत फसवा वाटतो. दावा खरा, माप खरं, आणि गणित भलतंच. १ फेब्रुवारी २०२० रोजी कर्नाटकातल्या ऐकळाच्या कंबाळा शर्यतीत श्रीनिवास गौडा हा गडी रेड्यांच्या जोडीमागे चिखलातून १४२.५ मीटर १३.६२ सेकंदांत धावला. कुणीतरी त्रैराशिक मांडलं, शंभर मीटरला ९.५५ सेकंद, म्हणजे उसेन बोल्टच्या ९.५८ पेक्षा कमी! देशभर गाजावाजा झाला, तेव्हाच्या केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी चाचणीसाठी बोलावणं पाठवलं. गौडाने नकार दिला आणि रेड्यांचं श्रेय रेड्यांना दिलं. काही दिवसांतच दुसऱ्या एकाची याहून कमी वेळ जाहीर झाली. बोल्टला पुढून कुणी ओढत नव्हतं, एवढी साधी गोष्ट त्रैराशिकात बसत नाही. आमच्याकडे कुणी एका घाटाची वेळ दुसऱ्या घाटाला लावायला गेलं, तर म्हातारी माणसं विचारतात, चढ कुठे आहे, सुरुवातीला की शेवटी? कुठल्या घाटात, हे सांगितल्याशिवाय आमच्यात सेकंद सांगतच नाहीत.

साक्षीदार पुष्कळ असले की वाद मिटतो, असंही नाही, पण कधीकधी मिटतो. शिरूरचे खासदार अमोल कोल्हे यांनी २०१९ च्या प्रचारात शब्द दिला होता की शर्यती सुरू झाल्या की बारीपुढे घोडी धरीन. विरोधकांनी त्याची आठवण करून द्यायची एकही संधी सोडली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये निमगाव दावडीच्या घाटात ते घोडीवर बसले आणि बारीपुढे निघाले. हजारो मोबाईल रोखलेले होते. त्या बारीला सेकंद किती लागले, हे कुणी विचारलं नाही, कारण दावा सेकंदांचा नव्हता. दावा काय आहे हे आधी नेमकं ठरलं, तर अर्धी भांडणं वाचतात. नाझारेच्या किल्ल्यावर असाच जमाव असतो. लाट आणि स्वार सगळे पाहतात, तिथे कुणाला शंका नसते. पण हजार डोळ्यांना मिळून फूट सांगता येत नाहीत.

शेवटचं प्रकरण श्टॉयटनरच्याच नव्या दाव्याचं आहे. २४ फेब्रुवारी २०२४ च्या लाटेचं माप ड्रोनच्या साह्याने घेऊन ९३.७३ फूट जाहीर झालं. दशांशानंतरचे ते दोन आकडे पाहून लेखकांनी समासात पेन्सिलने एक उद्गारचिन्ह काढलं होतं. छापताना ते राहिलं आहे, म्हणून इथे सांगून ठेवतो. फेसाळ पाण्याचा पायथा इंचापर्यंत नक्की सांगणाऱ्या यंत्रावर विश्वास ठेवण्याआधी ते कुणी बसवलं, कुठे रोखलं आणि त्याचा हिशेब दुसऱ्या कुणी तपासला, हे रेल्वेचा माणूस विचारणारच.

पुस्तकाच्या भाषेबद्दल एक तक्रार आहे. काही पानांवर आकडे इतके दाटीवाटीने आले आहेत की वाचताना वेळापत्रक चाळल्यासारखं होतं. तिथे पान उलटून पुढे गेलात तरी चालेल. कुंडाचं आणि गाबेइराचं प्रकरण मात्र चुकवू नका.

पुस्तकाच्या मध्यभागी एका लाटेचा पानभर फोटो आहे. त्याखाली उंची मुद्दाम छापलेली नाही, स्वाराच्या नळीची लांबी तेवढी दिली आहे. घरातल्या पोरांची फूटपट्टी घ्या, आधी नळी मोजा, मग लाट. पायथ्याची रेघ कुठे धरलीत ते पेन्सिलने आखून ठेवा. माझं आणि लेखकाचं उत्तर अजून जुळलेलं नाही.